बुबुळाला पडलेले छिद्र : शल्योपचारांच्या तुलनेची प्रस्तावना

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ अशी जी म्हण आपल्याकडे रूढ आहे, तिच्यात कुसळाकडे क्षुल्लकपणा आणि मुसळाकडे मोठेपणा दिलेला आहे. परंतु ज्या मुलखात कुसळ आणि मुसळ हे दोन्ही जिन्नस एकाच धानाच्या संसारातले आहेत, त्या मुलखात वावरलेल्या मनुष्याला कुसळास क्षुल्लक म्हणण्याचे धैर्य होत नाही. मौजे आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा हे असेच एक धानाचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील ज्या पट्ट्यास लोक चौरास या नावाने ओळखतात, त्या पट्ट्यात पावसाळ्यात बांध्यांतून रोवणी चालते, दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, भारे वाहून धानाचे पुंजणे रचले जातात आणि मग चुरणीचे, म्हणजे मळणीचे, दिवस येतात. त्या दिवसांत खळ्यावरची हवा तूस, कोंडा आणि कुसळ यांनी भरलेली असते. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यास त्या हवेपासून राखणारे कोणतेही आवरण बहुधा नसते. आणि वर्षभराच्या अन्नाची तजवीज ज्या खळ्यावर होते, त्याच खळ्यावर एखाद्याच्या डोळ्याचा घात होतो.

हा घात एका क्षणात पुरा होत नाही, हेच त्यातले मुख्य दुःख आहे आणि हीच त्यातली मुख्य आशाही आहे. कुसळ डोळ्यात गेले म्हणजे प्रथम एक बारीक ओरखडा उठतो. घरातले माणूस पदराच्या टोकाने ते काढते, कोणी गुलाबपाणी घालते, कोणी मध घालते, आणि कोणी औषधाच्या दुकानातून असे थेंब आणते की ज्यांत स्टेरॉइड असल्यामुळे लाली तर उतरते, पण आत शिरलेल्या बुरशीला मोकळे रान मिळते. वनस्पतीच्या कणाबरोबर येणाऱ्या जंतूंमध्ये फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या जातींच्या बुरशी अग्रगण्य आहेत. त्या सावकाश वाढतात, आणि म्हणूनच रोगी पहिले काही दिवस गाफील राहतो. मग ओरखड्याचा व्रण होतो, व्रण खोल जातो, आणि एके दिवशी बुबुळाला छिद्र पडते. त्या छिद्रावर शल्यवैद्याने करावयाच्या निरनिराळ्या उपायांची तुलना हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. गावातील शिकलेला वाचक, आरोग्यसेवेत काम करणारी मंडळी आणि रोग्याला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणारे त्याचे आप्त यांना तो समजावा, अशा बेताने तिची मांडणी केली आहे.

शास्त्रात ज्याला स्वच्छमंडल म्हणतात आणि व्यवहारात आपण ज्याला नुसते बुबुळ म्हणतो, तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा रुंदीने अकरा ते बारा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडीने सुमारे अर्धा मिलिमीटर असतो. त्यात रक्तवाहिनी नाही. असती तर तो पारदर्शक राहिला नसता. बाहेरून अश्रू आणि आतून नेत्रजल यांच्यावरच त्याचे पोषण चालते. हा रक्ताचा अभाव प्रकाशाच्या दृष्टीने वरदान असला तरी रोगाच्या दृष्टीने अडचण आहे, कारण जखम भरून काढणारी सामग्री तेथे उशिरा पोचते. व्रण पडद्याचे थर खात खात आत गेला म्हणजे शेवटी डेसेमेटचा पापुद्रा म्हणून ओळखला जाणारा एक अतिशय पातळ पण चिवट थर तेवढा उरतो आणि आतल्या दाबाने तो काळसर बुडबुड्यासारखा पुढे येतो. तो फुटला की नेत्रजल बाहेर वाहते, पडद्यामागची पोकळी आक्रसते आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा त्या छिद्रात येऊन अडकतो. निसर्गाने घाईघाईने बसवलेले ते बूच असते. परंतु त्या बुचाच्या भरवशावर राहिल्यास जंतूंना डोळ्याच्या गाभाऱ्यात उतरण्यास वाट मिळते.

येथे एक प्रसंग सांगितल्याविना पुढे जाववत नाही. चुरणीच्या हंगामात एक वृद्ध स्त्री तपासणीस आली होती. आठ दिवस तिचा डोळा ठणकत होता, आणि आदल्या रात्री त्यातून एकाएकी ऊन पाणी आले. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “आता दुखत नाही जी, बरं वाटते.” ज्या वाक्याने अन्य कोणताही वैद्य सुखावला असता, त्या वाक्याने नेत्रवैद्याच्या छातीत धस्स होते, कारण साचलेला दाब छिद्रावाटे निघून गेल्यानेच वेदना उतरलेली असते. डोळे तपासण्याच्या स्लिट लॅम्प या यंत्रापुढे तिची हनुवटी टेकवली, फ्लुरेसीन या रंगद्रव्याची पिवळी पट्टी पापणीच्या आत हलकेच लावली आणि निळा प्रकाश सोडला. गडद रंगलेल्या अश्रूंच्या थरातून, बुबुळाच्या खालच्या अंगाला, हिरव्या तेजाची एक बारीक धार वरून खाली ओघळत होती. आतले नेत्रजल रंगाला विरळ करीत बाहेर वाहते तेव्हा अशी धार दिसते, आणि ती दिसली म्हणजे छिद्र उघडे आहे याचा लेखी दाखला मिळाल्यासारखे होते. त्या छिद्राचा व्यास दोन मिलिमीटर भरला. एवढ्याशा जागेपुढे विज्ञानाचे किती उपाय हात जोडून उभे आहेत, आणि त्यांतला कोणता कोणाच्या उपयोगी पडावा हे ठरविणे किती जोखमीचे आहे, हे तेव्हा प्रत्ययास आले.

या व्याधीची ओळख आपल्या देशास नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या कृष्णमंडलाचे जे चार रोग सांगितले आहेत, त्यांत सव्रण शुक्र म्हणजे बुबुळावरील व्रण हा एक आहे आणि अजकाजात हा दुसरा आहे. शेळीच्या लेंडीसारखा दिसणारा, वेदना देणारा, तांबूस असा जो उंचवटा काळे मंडल विदारून वर येतो त्यास अजकाजात म्हणावे, असे त्या आचार्यांचे निरीक्षण आहे. आणि छिद्रातून बाहेर डोकावणारा रंगीत पडदा ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला या उपमेची अचूकता पटल्यावाचून राहत नाही. ओळख प्राचीन होती, परंतु फाटलेल्या बुबुळाच्या जागी दुसरे बुबुळ बसविण्याची कल्पना साध्य व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराविया प्रांतातील ओलोमौत्स गावी एडवार्ड झिर्म या शल्यवैद्याने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पहिले यशस्वी स्वच्छमंडलरोपण केले. ज्याचा डोळा दुखापतीमुळे काढावा लागला अशा एका अकरा वर्षांच्या मुलाचे बुबुळ त्यासाठी उपयोगी पडले. पुढे ओडेसा येथे फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीच्या नेत्रांतील बुबुळ वापरण्याचा मार्ग रुळविला, १९४५ साली मद्रास येथे भारतातील पहिली नेत्रपेढी उभी राहिली, आणि १९५७ साली मुंबई राज्यात स्वच्छमंडलरोपणासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. भंडारा जिल्हा आदल्याच वर्षी मध्य प्रदेशातून निघून त्या द्वैभाषिक राज्यात दाखल झाला होता.

आता उपायांकडे वळू. त्यांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असा लावला आहे. तो श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नव्हे, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असेल आणि ते जवळजवळ आपोआप मिटले असेल, तर मऊ पट्टीभिंग, म्हणजे पट्टीचे काम करणारे स्पर्शभिंग, बसवून, नेत्रजलाची निर्मिती औषधाने कमी करून आणि मूळ जंतूवर मारा चालू ठेवून काम भागते. त्याहून मोठ्या, परंतु दोन ते तीन मिलिमीटरांच्या आतील छिद्रासाठी सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद हा सर्वांत हाताशी असलेला उपाय होय. या कुळातील द्रव्याचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागला आणि १९६८ साली बुबुळाच्या छिद्रावर त्याचा उपयोग प्रसिद्ध झाला. कृती ऐकावयास साधी वाटते : बधिरतेचे थेंब घालावेत, छिद्राभोवतीचा सुटलेला मृत थर खरवडून काढावा, जागा शोषकाने कोरडी करावी, प्लॅस्टिकच्या इवल्याशा चकतीवर गोंदाचा अंशमात्र थेंब घेऊन तो छिद्रावर टेकवावा, घट्ट झाल्याची खात्री करून घ्यावी आणि वर पट्टीभिंग ठेवावे. गोंद ओलाव्याच्या स्पर्शाने घट्ट होत असल्याने घटकाभराची दिरंगाईही चालत नाही. गोंदाचा खडबडीत पृष्ठभाग पापणीस खुपतो, त्याच्या सान्निध्यात रक्तवाहिन्या बुबुळात शिरू लागतात, आणि काही आठवड्यांनी खालची जखम भरल्यावर तो सुटून पडतो. हा कायमचा इलाज नव्हे. उसनी मिळविलेली मुदत आहे. परंतु ज्या डोळ्याला आज रात्र काढावयाची आहे, त्याच्या दृष्टीने मुदत हीच दौलत असते.

रक्तातील फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन यांपासून सिद्ध होणारा फायब्रिनचा गोंद अधिक सौम्य असतो. तो मऊ राहतो आणि शरीरात विरून जातो, परंतु तो महाग पडतो आणि त्याची पकड हळू बसते. या दोन गोंदांची समोरासमोर तुलना चंदिगड येथे झाली व २००३ साली प्रसिद्ध झाली : ४१ डोळ्यांत तीन मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांवर दोन्ही गोंद आजमावले गेले, तेव्हा छिद्र मिटण्याच्या बाबतीत दोहोंत विशेष अंतर आढळले नाही, मात्र फायब्रिनने जखम लवकर भरली आणि रक्तवाहिन्यांची घुसखोरी कमी झाली. समान रोग्यांना दोन गटांत चिठ्ठ्या टाकून वाटावे आणि मग निकाल पाहावा, अशा रीतीने झालेली ही तुलना असल्याने, रोगीसंख्या लहान असूनही तिचे मोल मोठे आहे.

प्रसूतीच्या वेळी मिळणाऱ्या वारेचे आतले पातळ आवरण, ज्यास उल्ब म्हणतात, ते तपासून, शुद्ध करून व गोठवून ठेवता येते, आणि त्याचे एकावर एक थर छिद्रात भरून वर आच्छादन शिवता येते. १९४० साली द रोट यांनी नेत्रशस्त्रक्रियेत त्याचा वापर केला होता. १९९५ नंतर त्याचे पुनरुज्जीवन झाले. दाह शमविण्याचा त्याचा गुण मोठा आहे, परंतु मोठ्या छिद्राचा भार पेलण्याएवढे बळ त्यात नाही. त्याहून मजबूत असा एक उपाय रोग्याच्या स्वतःच्याच डोळ्यात दडलेला असतो : पांढऱ्या भागावरील पातळ त्वचेखाली टेनॉनचे आवरण म्हणून जो तंतुमय थर आहे, त्याचा तुकडा काढून तीन ते पाच मिलिमीटरच्या छिद्रावर ठिगळ म्हणून बसविता येतो. त्यासाठी नेत्रपेढी नको, दाता नको, की अस्वीकाराची भीती नको. मात्र त्या जागी पांढरा डाग कायम राहतो. म्हणजे डोळा वाचतो, पण तेवढ्या जागेतून दृष्टी परतत नाही. त्याच पांढऱ्या भागावरील त्वचा ओढून बुबुळावर पांघरण्याची जी पद्धत १९५८ साली गुंडरसेन यांनी सुस्थापित केली, ती चिघळत राहिलेल्या पातळ व्रणास उपकारक असली तरी उघड्या छिद्रावर एकटी वापरू नये, कारण पांघरुणाखाली पाणी पाझरतच राहते.

अखेरीस रोपण. छिद्र मोठे असेल, किंवा छिद्राभोवतीचे बुबुळ जंतूंनी पोखरलेले असेल, तर रोगट भाग चकतीसारखा कापून काढून त्या जागी दात्याच्या बुबुळाची चकती बसविणे आणि केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी ती शिवणे, हाच मार्ग उरतो. त्यात छिद्र मिटते, जंतूंचा मोठा साठा एकाच वेळी बाहेर जातो आणि पुढे दृष्टी येण्याची शक्यताही राहते. म्हणून एका अर्थी हा सर्वांत परिपूर्ण उपाय होय. परंतु पेटलेल्या घरात नवी चौकट बसविण्यासारखे ते काम असते. लाल व दाहयुक्त डोळ्यात रोपलेली चकती निर्मळ राहण्याची शक्यता शांत डोळ्यातील रोपणापेक्षा बरीच कमी असते. शरीराकडून ती नाकारली जाऊ शकते. चकती फार मोठी घ्यावी लागली तर काचबिंदूचा धोका वाढतो. आणि बुरशी कडेला उरली असेल तर ती नव्या चकतीतही शिरते. म्हणूनच अनेक शल्यवैद्य आज छिद्र मिटविण्यापुरते रोपण करतात आणि डोळा शांत झाल्यावर, कित्येक महिन्यांनी, दृष्टीसाठी दुसरे रोपण करतात. पहिल्या कामासाठी ग्लिसरीनमध्ये दीर्घकाळ राखून ठेवलेले, अपारदर्शक बुबुळही चालते. दुसऱ्यासाठी ताजेच लागते.

हे सर्व वाचल्यावर वाचक साहजिकच विचारील की, मग यांत अव्वल कोणता? या प्रश्नास सरळ उत्तर देण्याचा मोह टाळावा, असे मला कळकळीने वाटते. गोंद लावलेल्या शंभर डोळ्यांचा आणि रोपण केलेल्या शंभर डोळ्यांचा हिशेब शेजारी मांडून यशाचे टक्के ताडून पाहणे हा अन्याय आहे, कारण गोंदाकडे लहान छिद्राचा रोगी जातो आणि रोपणाकडे ज्याचे अर्धे बुबुळ वितळले आहे असा रोगी जातो. नावाड्याच्या कौशल्याची परीक्षा एकाला उन्हाळ्यातली वैनगंगा आणि दुसऱ्याला श्रावणातली वैनगंगा देऊन कोणी करीत नाही. न्याय्य तुलनेसाठी छिद्राचा आकार, त्याची जागा, त्याचे कारण आणि रोगी किती दिवसांनी आला हे चारही मुद्दे सारखे असले पाहिजेत. त्यानंतर प्रत्येक उपायाला तीन प्रश्न निरनिराळे विचारले पाहिजेत : डोळ्याचा गोळा वाचला काय, पुन्हा किती वेळा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि अखेर दृष्टी किती उरली. एका प्रश्नात जो उपाय वरचढ ठरतो तो दुसऱ्यात दुय्यम ठरू शकतो. आधी डोळा, मग दृष्टी, हा या क्षेत्रातील वडिलोपार्जित शिरस्ता आहे आणि तुलनेचा फैसलाही त्याच क्रमाने व्हावयास हवा.

परंतु आसगावच्या खळ्यावरून पाहणाऱ्यास चौथा एक प्रश्न विचारावा लागतो, जो शास्त्रीय तक्त्यांत क्वचित आढळतो : तो उपाय या माणसापर्यंत वेळेत पोचतो काय? पवनी, तेथून भंडारा, आणि भंडाऱ्याहून सुमारे साठ किलोमीटरवर नागपूर, असा प्रवास ज्याला चुरणी अर्धी टाकून करावा लागतो, त्याच्या बाबतीत जवळच्या दवाखान्यात आज लागलेला गोंद हा आठवड्याने मिळणाऱ्या सुंदर रोपणापेक्षा श्रेष्ठ ठरतो. मॅकेरी आणि कॉफमन यांनी १९७४ साली सिद्ध केलेल्या साठवणीच्या द्रवात ठेवलेले दात्याचे बुबुळ थंड पेटीत सुमारे चार दिवसच टिकते. तेव्हा दाता आणि रोगी यांची गाठ पडणे हा पुष्कळ अंशी योगायोगाचा भाग राहतो, आणि तो योगायोग न राहावा यासाठी समाजानेच पुढे यावयास हवे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतील अंधांमध्ये बुबुळाच्या अपारदर्शकतेचे प्रमाण ३७.५ टक्के आढळले. म्हणजे हा रोग कमावत्या वयातल्या माणसांचेही डोळे घेतो.

आणखी एक गोष्ट प्रस्तावनेतच नोंदविणे मला कर्तव्य वाटते, कारण ती या पुस्तिकेतील साऱ्या शल्यकर्मांहून थोर आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे एक अभ्यास झाला. ज्या गावकऱ्यांच्या बुबुळावर ओरखडा उठला होता त्यांना गावातल्याच आरोग्यसेवकांनी क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे एक टक्क्याचे मलम तीन दिवस लावले. आणि ज्यांना ते दुखापतीनंतर अठरा तासांच्या आत मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. भक्तपूरचे शेतकरीही आपल्यासारखेच धान पिकविणारे. ज्या छिद्रावर पाच-सहा प्रकारचे शल्योपचार आपण पुढील प्रकरणांत तोलणार आहोत, त्या छिद्राचा प्रतिबंध चार पैशांच्या मलमात आणि पहिल्या दिवसाच्या जागरूकतेत सामावलेला आहे, हे सत्य शल्यवैद्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले तर त्यात त्याचा मान वाढतोच.

पुढील प्रकरणांत प्रत्येक उपायाचे साहित्य, कृती, गुण, दोष आणि त्यास योग्य असा रोगी यांचा तपशील स्वतंत्रपणे दिला आहे. वैद्याने ते वाचताना आपल्या दवाखान्यात कोणते साहित्य आहे याची यादी शेजारी ठेवावी. आप्ताने ते वाचताना डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत. आणि जो यांपैकी कोणीच नाही, त्याने निदान एवढे लक्षात ठेवावे : चुरणीला उभे राहताना साधा प्लॅस्टिकचा चष्मा लावावा, डोळ्यात कुसळ गेले तर तो चोळू नये, दुकानातले अनोळखी थेंब घालू नयेत, त्याच दिवशी दवाखाना गाठावा, दुखरा डोळा एकाएकी पाणी सोडून शांत झाला तर त्यास बरे होणे समजू नये, त्यावर दाब देऊन पट्टी बांधू नये, कडक वाटीसारखे आवरण ठेवून त्याच घटकेला निघावे. आणि घरात मृत्यू घडेल तेव्हा, दुःखाच्या त्या वेळीही, सहा तासांच्या आत नेत्र काढून घेता यावेत म्हणून ताबडतोब नेत्रपेढीला निरोप द्यावा. कारण पुढच्या चुरणीला कोणाच्या तरी बुबुळाला जी चकती लागणार आहे, ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.